‘एमिट’चं वाक्य

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शब्द फळ्यावर लिहायचे, अर्थ सांगायचा आणि प्रत्येक क्रियापदाचं एकेक वाक्य मुलींकडून करून घ्यायचं, ही माझी पद्धत. ती चांगली आहे, मुली त्यामुळे पास होतात. फक्त ‘एमिट’ आला की वाक्य मी स्वतःच सांगते. ‘द लॅम्प एमिट्स लाइट.’ दिवा प्रकाश देतो. लिहून घ्या, पुढे चला. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, याचंच वाक्य आम्हाला का करू देत नाही? वेळ नाही, असं मी तिला सांगितलं. वेळ भरपूर होता.

मिडल शाळेच्या शेवटच्या वर्गात होते तेव्हाची गोष्ट आहे. आमचं गाव नांदुऱ्यापासून बैलबंडीने दोन तासांवर. मुलींची शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर मुलांच्या शाळेत जावं लागे. आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. आमचा बाक वेगळा, दाराजवळ, मास्तरांच्या टेबलाला लागून. दुसरी मुलगी जातीतलीच होती म्हणून आईने एका बाकावर बसायला हरकत घेतली नव्हती. मैत्रीण म्हणावी इतकं आमचं नव्हतं. ती हुशार होती आणि मी बरी होते.

त्या वर्षी अमरावतीला मास्तरणी तयार करणाऱ्या शाळेसाठी आमच्याकडून एका मुलीची शिफारस जायची होती. राहणं-जेवण तिथेच. हजेरी नीट हवी आणि मिडल पास व्हायला हवं, एवढ्या दोन अटी. मास्तरांनी तिचं नाव मनात धरलं होतं आणि तिलाही ते माहीत होतं. तिला बाप नव्हता, भाऊ नव्हता. ही जागा गेली तर पुढे काय, ते गावातलं कुणीही सांगू शकलं असतं: माय करते तेच काम, आणि वर्षभरात लग्न. मला जागेची गरज नव्हती. माझ्यासाठी आबा, म्हणजे माझे वडील, स्थळं बघत होते.

तिची माय अंबाडी भिजवायची. आमच्याकडे कपाशीच्या आणि ज्वारीच्या कडेने अंबाडी पेरतात. पाल्याची भाजी होते आणि राहिलेल्या फोकांच्या सालीचा वाख निघतो. शेतकऱ्याचा दोर, कासरा, दावं, सगळं त्या वाखाचं. पण तो काढायला फोकांच्या पेंढ्या नदीच्या डोहात दगडाखाली दाबून पंधरा-वीस दिवस कुजवाव्या लागतात. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकेक फोक सोलायचा, साल आपटून धुवायची, काठावर वाळत घालायची. वाळलेला वाख पांढरा, रेशमासारखा दिसतो. लोकांच्या घरी तो तसा येतो. डोहाकडे कुणी फिरकत नाही, कारण कुजलेल्या अंबाडीचा वास मेलेल्या जनावरासारखा असतो आणि सोलणाऱ्याच्या नखांत, केसांत तो कितीतरी दिवस राहतो. आंघोळीने जात नाही.

आबांची अंबाडी तिची माय बटईने घ्यायची. निम्मा वाख आमचा, निम्मा तिचा. मुलगीही मायबरोबर पाण्यात उतरायची, पण दिवाळीच्या सुट्टीत. दसऱ्याच्या सुमाराला अंबाडी कापायची, लगेच पेंढ्या डोहात, सुट्टीत सोलणी, आणि शाळा उघडेपर्यंत वास गेलेला. मागची सगळी वर्षं तिने असंच निभावलं होतं. त्या वर्षी कापूस लवकर फुटला आणि आबांच्या तिन्ही बंड्या जिनात कापूस पोचवण्याच्या फेऱ्यांत गुंतल्या. पेंढ्या शेतात पडून राहिल्या. तिची माय दोनदा आमच्याकडे येऊन गेली.

“आबाजी, सुट्टी सरून राह्यली. पोरीची शाळा हाय.”

“कापूस थांबते काय?” आबा म्हणाले. “अंबाडी काही पळून नाही चालली.”

“अंबाडी नाही पळत, आबाजी. शाळा पळते.”

आबा हसले. मी ओसरीवर गहू निवडत बसले होते आणि हे सगळं ऐकत होते. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पेंढ्या डोहात पडल्या तेव्हा शाळा सुरू झाली होती. थंडीत कुजायलाही वेळ लागला. सोलणी आली ती मार्गशीर्षात. ती सकाळी पाण्यात उतरायची, नऊच्या सुमाराला वर यायची, चिंचेच्या कोळाने आणि राखेने हात घासायची, वेणी घालायची आणि अकराला माझ्या शेजारी बाकावर. परकर-पोलकं धुतलेलं असे. वास तरी असेच. पहिल्या दिवशी मी बाकाच्या टोकाला सरकले. तिने पाहिलं आणि ती दुसऱ्या टोकाला सरकली. मध्ये आणखी दोघी बसतील एवढी जागा झाली.

वास दोघींपैकी कुणाचा, हे मुलांना लगेच कळलं नाही. ते अख्ख्या बाकालाच नाक धरू लागले. “पोरीहीचा बाक वास मारून राह्यला बे,” असं मागून ऐकू आलं. मी आबांची मुलगी. मला गावात असं कुणी बोललं नव्हतं.

त्याच आठवड्यात ‘एमिट’ आला.

मास्तर पुण्याकडचे होते. नुसता अर्थ सांगून ते शब्द सोडत नसत, चारी बाजूंनी फिरवून दाखवत. “एमिट म्हणजे बाहेर टाकणे, सोडणे. काय काय? प्रकाश, उष्णता, धूर, वाफ, वास, आवाज. आपल्यातून आपोआप बाहेर पडतं ते. आगगाडीचं इंजिन काय करतं? धूर एमिट करतं. आता तुम्ही सांगा.”

मागचा एक मुलगा उठला. “माय मामा एमिट्स बिडी.”

“तुझा मामा धूर एमिट करतो रे. बिडी तो फेकतो.”

“नाही फेकत सर. कानावर ठेवते.”

वर्ग हसला, मास्तरही हसले. मग दुसऱ्याने म्हैस दूध एमिट करते असं सांगितलं. मास्तर म्हणाले, “दूध काढावं लागतं. दुसऱ्याने ओढून काढलं तर एमिट म्हणता येत नाही. आणि अजून एक लिहून ठेवा. इथे इच्छेचा प्रश्न येत नाही. सूर्य मनात आणून प्रकाश देत नाही आणि चूल ठरवून धूर करत नाही. त्यामुळे या शब्दात कुणाची स्तुती नाही आणि कुणाची निंदा नाही.”

मी ते लिहून घेतलं. मुलींना आजही मी हे जसंच्या तसं सांगते.

मग मास्तरांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. ती उठली आणि म्हणाली, “अ‍ॅशेस एमिट हीट.” राख उष्णता देते. मास्तर खूश झाले. विस्तव विझल्यावरही राखेत ऊब असते, हे हिने पाहिलं आहे, पुस्तकातून उचललेलं नाही, असं ते म्हणाले. ती उभी होती तेवढा वेळ मागे चार-पाच जणांनी नाक धरलं होतं. एकाने हळूच विचारलं, “अन् बाक काय एमिट करते बे?” मग हसू पसरलं. पुढचा नंबर माझा होता.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “द गर्ल ऑन माय बेंच एमिट्स अ बॅड स्मेल.”

माझ्या बाकावरच्या मुलीच्या अंगाला घाण वास येतो. क्रियापदाला ‘एस’ होता, नामाआधी ‘अ’ होता. वाक्यात काढायला चूक नव्हती.

चांगलं वाक्य ऐकलं की ते ऐकता ऐकताच फळ्यावर लिहायचं, ही मास्तरांची सवय होती. तोंड फळ्याकडे करून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि शेवटच्या शब्दापाशी त्यांचा खडू थांबला.  मग राहिलेली अक्षरं लिहिली, “वाक्य बरोबर आहे” असं बारीक आवाजात म्हणाले आणि खुर्चीवर बसले. कुजवलेल्या अंबाडीचा वास त्यांच्या ओळखीचा नव्हता. पण आमच्या बाकावर माझ्याखेरीज कोण बसतं, ते त्यांच्या समोरच दिसत होतं. पुसावं की राहू द्यावं, हे त्यांना ठरवता आलं नसावं. मी त्यांना दोष देत नाही. वाक्य माझं होतं.

फळ्यावरची वाक्यं सगळ्यांनी उतरवून घ्यायची, असा नियम होता. सगळे लिहू लागले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. तीही उतरवून घेत होती. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं. प्रत्येक अक्षर तिने नेहमीसारखं गोल, ठळक काढलं, शेवटी टिंब दिलं, त्यावर टीपकागद दाबला आणि वही मिटली.

ती जागा मला हवी होती म्हणून मी हे केलं, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. माझं कारण त्याहून क्षुल्लक होतं. मुलांनी धरलेली नाकं माझ्यावरून उठून पूर्ण तिच्यावर जावीत, एवढंच मला हवं होतं. ते लगेच झालं.

त्या दिवसापासून तिचं नाव ‘एमिट’ पडलं. “सरका बे, एमिट आली.” “एमिट, पानी प्यायले जातं काय? मंग आमी आधी पिऊन घेतो.” ज्यांना इंग्रजीचा एक धडा धड वाचता येत नव्हता त्यांनी हा शब्द पक्का केला. ती चार दिवस आली. पाचव्या दिवशी आली नाही. मला अख्खा बाक मिळाला, वास गेला आणि मला बरं वाटलं.

ती यायची थांबली त्याला नऊ-दहा दिवस झाल्यावर मास्तरांनी शाळा सुटताना मला थांबवलं.

“ती का येत नाही?”

“माहीत नाही, सर.”

मास्तर टेबलावरचा खडू इकडून तिकडे करत राहिले. “पंधरा दिवस सलग गैरहजेरी झाली की नाव कमी करावं लागतं. मग शिफारस जात नाही. सोमवारी ती आली पाहिजे. तिच्या घरी निरोप दे.” मी बरं म्हणून वळले तेव्हा ते म्हणाले, “कुणाहाती देऊ नकोस. तूच जा.”

रविवारी मी गेले. घर बंद होतं. दोघी डोहावर आहेत असं शेजारणीने सांगितलं. मी डोहावर आयुष्यात पहिल्यांदा गेले. पाणी काळं होतं आणि वर फेस धरला होता. मायलेकी त्यात कमरेपर्यंत उभ्या होत्या, लुगडं आणि परकर खोचलेले, ओठ थंडीने निळे. काठावर आमच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. मी नाक धरून वर उभी राहिले.

“कोन हाय वं?” मायने विचारलं. मग ओळखलं. “आबाजीची पोरगी काय? ये, ये. नाक सोड बाई, तुमचीच अंबाडी हाय.”

मी नाक सोडलं. मास्तरांचा निरोप सांगितला: सोमवारी आली नाही तर नाव कमी होईल, मग अमरावती नाही.

मुलगी सोलत होती तो फोक तिने पूर्ण सोलला. “येऊन काय करू?” ती म्हणाली. “तुमी नाक धरान अन् मी बसून राहीन.”

“जाय ना वं,” माय म्हणाली. “राह्यलं थे मी करतो एकटी. किती राह्यलं?”

“मी येतो,” ती मला म्हणाली, “पन तू पोट्ट्याहीले एक सांगजो.”

“काय?”

“का हा वास अंबाडीचा हाय. अन् अंबाडी तुमच्या घरची हाय, तुमच्या बंड्या वक्तावर नाही आल्या म्हून शाळेत वास आला. बस. मी सांगतलं तर हासतीन. तू सांगतलं तर कोनी नाही हासत.”

तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या गावात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नसतं.

“सांगतो,” मी म्हणाले.

“इंग्रजीत नोको सांगू.”

हे म्हणून ती हसली. मायही हसली, आणि मग मीही. त्या वाक्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

मी खोटं कबूल केलं नव्हतं. परतताना वाटेवर मी काय बोलायचं ते जुळवत होते. घरी आले तर आईने मला दारातच अडवलं. “कुठं गेलती? कोनता वास आनला अंगाले?” मागच्या दाराने जाऊन डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय तिने मला आत घेतलं नाही. आंघोळ केल्यावर मी हाताचा वास घेऊन पाहिला. थोडा होताच. पाण्याला हात न लावता, काठावर नुसतं उभं राहून. उद्या वर्गात माझ्याच अंगाला तो आला तर, या विचाराने मी पुन्हा एकदा हात धुतले, साबण लावून.

सोमवारी ती आली. सकाळी पाण्यात उतरली नसावी. केस धुतलेले, कोरडे होते. ती बाकावर येऊन बसली, तिच्या टोकाला. मास्तर अजून आले नव्हते.

“आली बे एमिट.”

“नाक सांभाळा बे.”

तिने मागे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. दप्तर तिने अजून उघडलं नव्हतं, हात मांडीवर होते. मला उठून दोन वाक्यं बोलायची होती, मराठीत. मुलांत मोठ्या घरचा म्हणावा असाही कुणी नव्हता, सगळे आमच्या सालदारांचे नाहीतर शेजाऱ्यांचे पोरगे. पण बोलले की वास आमच्या घरचा ठरणार होता. मग ते नाव मला पडेल, आबांना पडेल, आमच्या दारावरून जाताना कुणी नाक धरेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात भरलं. मी पुस्तक उघडलं. पान आधीच सापडलेलं होतं, तरी मी पानं उलटत राहिले.

ती वाट बघत होती. मास्तर आले, हजेरी झाली, तिने “हजर” म्हटलं. मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. सगळा तास ते चांगलं शिकवत होते. मधल्या सुट्टीनंतर सांगू, असं मी ठरवत होते. घंटा झाली, मुलं बाहेर पळाली, तिने दप्तर घेतलं आणि गेली.  सुट्टीनंतर ती आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.

मास्तरांनी आणखी पंधरा दिवस मोजले आणि नाव कमी केलं. “तू निरोप दिला होतास ना?” त्यांनी विचारलं. दिला होता, असं मी म्हणाले. ते तर खरंच होतं.

पौषात तिची माय आमच्या वाट्याचा वाख डोक्यावर घेऊन आली आणि ओसरीवर ठेवला. वाख सुरेख निघाला होता. आबांनी एक लडी हातात घेऊन ओढून पाहिली.

“पोरगी कशी हाय?” त्यांनी सहज विचारलं.

“देऊन टाकली आबाजी. उंद्रीकडे. फाल्गुनात लगन हाय.”

“बरं झालं.”

“हाव. झालं.” एवढं म्हणून ती उठली. जाताना माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला ती काही बोलेल अशी भीती होती. तिला काही माहीत होतं की नाही, मुलीने घरी काय सांगितलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

परीक्षा झाल्यावर एका संध्याकाळी मास्तर आमच्याकडे आले. शिफारशीचा कागद त्यांच्या हातात होता. मुलीचं नाव पाठवलं नाही तर आमच्या शाळेला पुन्हा विचारणार नाहीत, असं ते आबांना समजावत होते. माझं जमत आलेलं स्थळ तेव्हाच मोडलं होतं आणि आबांना घरात बसलेली मुलगी नको होती. दोन वर्षं अमरावतीला राहील, शिकलेली म्हणून पुढे बरंच स्थळ येईल, हे त्यांना पटलं. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते मान हलवत होते.

“पन हे तर त्या डोहावालीच्या पोरीचं ठरेल होतं ना?” आबा म्हणाले. “तिनं शाळा काऊन सोडली?”

मास्तर माझ्याकडे बघू लागले.  कप अजून माझ्या हातात होते.

“लगन जमलं म्हून,” मी म्हणाले.

लग्न जमलं ते शाळा सोडल्यानंतर, हे मास्तरांना माहीत होतं आणि मलाही.  मी कप त्यांच्यासमोर ठेवला, बशी सारखी केली. मग त्यांनी कागद मांडीवर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.